तारा निघाल्या एकदाच्या! आता या रिटेनरचं काय करायचं?

गोदाकाठची | ११ जानेवारी, रात्री १०:१५

काल शनिवारी माझ्या दातांच्या तारा निघाल्या. बावीस महिने होत्या. खुर्चीतून उठताना जीभ दातांवरून फिरवली तर इतकं गुळगुळीत लागलं की हे दात कुणाचे तरी मागून आणलेत असं वाटलं. घरी येताना कॅनडा कॉर्नरला गाडी थांबवून पेरू घेतला आणि तिथंच गाडीला टेकून करकरून खाल्ला.

आता रडगाणं. माझी ही दुसरी खेप आहे. पहिल्यांदा नववीत तारा लावल्या, अकरावीत निघाल्या. तेव्हा एक गुलाबी प्लेट हातात देऊन "रोज लाव" एवढंच सांगितलं होतं. का लावायची, किती दिवस, नाही लावली तर काय होतं, काही नाही. अर्थात चूक माझीही आहे, मीही विचारलं नाही. दोन-तीन महिने लावली. मग बारावी, मग सीईटी, आणि प्लेट आईच्या शिवणाच्या डब्यात बटणांशेजारी जाऊन पडली. तिशीपर्यंत खालचे पुढचे दात एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून फोटोला उभे राहिल्यासारखे झाले, वरचा सुळ्याशेजारचा एक फिरला. मग चौतिशीत परत सगळं पहिल्यापासून. ऑफिसात दर आठवड्याला कुणी ना कुणी विचारायचंच, "या वयात?"

म्हणून यावेळी आधीच विचारतेय. मला वरचा आणि खालचा असे दोन पारदर्शक रिटेनर, म्हणजे सरळ झालेले दात जागेवर धरून ठेवणाऱ्या प्लास्टिकच्या खोळी, दिलेत. खाणं, पिणं, ब्रश सोडून पहिले सहा महिने दिवसरात्र, मग फक्त रात्री. "कधीपर्यंत?" विचारलं तर डॉक्टर हसून म्हणाले, "दात आहेत तोपर्यंत." शिवाय खालच्या पुढच्या सहा दातांना आतल्या बाजूने बारीक तार कायमची चिकटवायची का, ते विचार करून सांगा म्हणालेत.

ज्यांनी हे सगळं केलंय त्यांनी सांगा. ती आतली तार लावून घ्यावी का? मी दिवसाला पाच चहा पिते, त्याचं काय करू? हे धुता कशाने? आणि खरंच आयुष्यभर? शिवाय माझ्या 'स'चा 'श' होतोय आणि उद्या मीटिंग आहे.

सासूबाईंनी बेसिनवरची डबी बघितली आणि म्हणाल्या, "चला, माझ्या कवळीला सोबत झाली."

तर्रीबाज | ११ जानेवारी, रात्री १०:४८

अभिनंदन ताई. एकच सांगतो, टिशू पेपरमध्ये गुंडाळू नका. कधीच नाही.

गेल्या वर्षी रविवारी आम्ही सातजण मिसळीला गेलो होतो, गंगापूर रोडच्या पुढे, झाडाखाली टेबलं टाकलेली असतात तसल्या ठिकाणी. मिसळ आली, मी रिटेनर काढला, डबी गाडीत राहिली होती म्हणून टिशूत गुंडाळून ताटाच्या कडेला ठेवला. दोन रस्से झाले, पापड झाला, जिलबी झाली. पोऱ्या आला आणि ताटांसकट टेबल साफ करून गेला. लक्षात आलं तेव्हा आम्ही सोमेश्वरच्या जवळ होतो. परत गेलो. मालक बिचारा भला माणूस, म्हणाला मागे पिंप आहे, बघा. अर्धा तास मी कोपरापर्यंत हात घालून तर्री, कांदा आणि लिंबाच्या सालींमध्ये माझा खालचा जबडा शोधत होतो. मिळाला नाही. स्टीलचे दोन चमचे मात्र मिळाले, ते मालकाला दिले.

तारेवरचा | १२ जानेवारी, सकाळी ७:२०

मी ऑर्थोडॉन्टिस्ट, म्हणजे तारा लावून दात सरळ करणारा डॉक्टर आहे. शिकलो पंचवटीत, पण प्रॅक्टिस नाशिकला करत नाही, त्यामुळे ही जाहिरात समजू नये. तोंड न बघता उपचार सांगणार नाही. कारण मात्र सांगतो, कारण ते कळलं की माणूस आपणहून रिटेनर लावतो असा माझा अनुभव आहे.

दात हाडात खिळ्यासारखा ठोकलेला नसतो. मूळ आणि हाड यांच्यामध्ये साधारण पाव मिलिमीटरची फट असते, तीत बारीक तंतू असतात आणि दात त्या तंतूंवर टांगलेला असतो. तारांनी दात ढकलला की एका बाजूचं हाड झिजतं, दुसऱ्या बाजूला नवीन भरतं. तारा काढतो त्या दिवशी हे नवीन हाड कच्चं असतं आणि तंतू ताणलेले असतात. स्लॅब टाकल्यावर दुसऱ्या दिवशी कुणी सेंट्रिंग काढतं का? रिटेनर हे तुमचं सेंट्रिंग.

मुळाभोवतीचे तंतू तीन-चार महिन्यांत नव्या जागेला सरावतात. हिरडीतले जाड तंतू चार ते सहा महिने घेतात. पण हिरडीच्या वरच्या काठाला काही लवचीक तंतू असतात, ते वर्षभरसुद्धा जुनी जागा सोडत नाहीत. म्हणून पिळलेला दात सरळ केला असेल तर परत फिरायला तोच पहिला. गोदाकाठची ताई, तुमचा सुळ्याशेजारचा दात याच जातीचा. पुढच्या दोन दातांमधली फट मिटवलेली असेल तर तीही अशीच, संधी मिळाली की उघडते.

चहाबद्दल: पारदर्शक रिटेनर घालून फक्त साधं पाणी प्यायचं. गरम चहाने प्लास्टिकचा आकार बिघडतो आणि डाग पडतात हे झालंच, पण त्याहून वाईट म्हणजे गोड चहा दात आणि प्लास्टिक यांच्यामध्ये अडकून बसतो. एरवी लाळ दात धूत असते, ती तिथं पोचतच नाही. सरळ केलेल्या दातांना कीड लावून घ्यायची तर याहून सोपा मार्ग नाही. काढा, चहा प्या, चूळ भरा, घाला. पाच वेळा हे करायचा कंटाळा येईल आणि चहा आपोआप कमी होईल.

पेठरोडकर_काका | १२ जानेवारी, सकाळी ९:०५

डॉक्टरसाहेब, मी बांधकाम खात्यातून निवृत्त झालो. सेंट्रिंगची उपमा आवडली, पण स्लॅब पक्का झाला की सेंट्रिंग काढतात, पुढच्या साईटवर नेतात. तुमचं आयुष्यभर कसं काय? वर्षभराने तंतू सरावले ना, मग काढा की. आमच्या पिढीत कुणाला तारा नव्हत्या, कडुनिंबाच्या काडीवर दात टिकले.

तारेवरचा | १२ जानेवारी, दुपारी १:४०

काका, पकडलंत. उपमा तिथपर्यंतच चालते.

वर्षभरानंतरचं कारण वेगळं आहे आणि त्याचा तारांशी संबंध नाही. वय वाढतं तसा खालच्या पुढच्या दातांचा कमानीतला पसारा हळूहळू कमी होतो आणि दात दाटीवाटीने उभे राहतात. ज्यांनी जन्मात तारा लावल्या नाहीत त्यांचंही हेच होतं. केस पांढरे होतात, चाळिशीला चष्मा लागतो, तसं हे. फक्त ज्याने पैसे आणि दोन वर्षं घालवून दात सरळ केलेत त्याला ते टोचतं, बाकीच्यांच्या लक्षातही येत नाही. रात्रीचा रिटेनर हा सरकणं जागच्या जागी थोपवण्यासाठी.

तुम्ही आरशासमोर उभं राहून खालचा ओठ खाली ओढून बघा. आणि तुमचा तरुणपणचा हसरा फोटो असेल तर शेजारी धरा.

दोन_पोरांची_आई | १२ जानेवारी, दुपारी ३:१०

डॉक्टर, माझ्या थोरल्याला (वय १७) सगळे म्हणतात अक्कलदाढा आधी काढून घे, नाहीतर त्या मागून ढकलतील आणि पुढचे दात परत वाकडे होतील. खरं का?

धाकट्याला (वय १४) वरती तारेची प्लेट आहे, टाळूला चिकटणारी. तो क्रिकेटला जाताना ती खिशात घालून जातो. धुतलेल्या पँटीतून दोनदा निघालीय. आता डबी त्याच्या किटबॅगच्या चेनला दोरीने बांधली आहे. डबीवर नाव, माझा नंबर. वर्गातली मुलं हसली म्हणे. हसू देत.

तारेवरचा | १२ जानेवारी, रात्री ९:३०

अक्कलदाढ दुखत असेल, किडली असेल, आडवी अडकून हिरडी सुजवत असेल तर काढा. फक्त "पुढचे दात वाकडे होऊ नयेत" एवढ्यासाठी काढायची असेल तर त्याला पुरेसा आधार नाही. अक्कलदाढ कधी उगवलीच नाही अशा लोकांचेही पुढचे दात दाटतात.

धाकट्याची ती टाळूची प्लेट म्हणजे हॉली रिटेनर. हॉली या अमेरिकन दंतवैद्याच्या नावाची, शंभरेक वर्षांपूर्वीची रचना. दिसायला ओबडधोबड, पण चांगली टिकते आणि सैल झाली तर पक्कडीने तार आवळता येते. पारदर्शकाला ती सोय नाही. तो एखाद मिलिमीटर जाडीचा प्लास्टिकचा पत्रा गरम करून तुमच्या दातांच्या साच्यावर ओढून बसवलेला असतो. चिरला की नवीनच करायचा. आणि खेळताना प्लेट काढूनच ठेवायची. चेंडू लागला तर ती दातांचं रक्षण करत नाही, त्यासाठी माउथगार्ड वेगळा असतो.

निफाडची_थंडी | १३ जानेवारी, सकाळी ११:२५

आतल्या तारेबद्दल मी सांगते. नऊ वर्षं झाली मला.

फायदा एकच आणि मोठा: विसरता येत नाही, हरवत नाही, टिशूत जात नाही. आठवड्याभरात ती आहे हेही जाणवेनासं होतं. पण "लावली आणि सुटलो" असं समजू नका.

पहिलं, सफाई. खालच्या पुढच्या दातांच्या मागेच लाळेच्या नळ्या उघडतात, त्यामुळे तिथं मुळातच तो दगडासारखा पिवळा थर लवकर साचतो. त्यात तार आली की त्याला बसायला ओटाच मिळतो. साधा फ्लॉस (फटी साफ करायचा दोरा) दातांच्या फटीतून वरून खाली जात नाही, तार आडवी येते. त्यासाठी प्लास्टिकचा लवचीक फासा मिळतो, त्यात दोरा ओवायचा, तारेच्या खालून एकेका फटीत घालायचा आणि दाताच्या दोन्ही अंगांनी वरखाली करायचा. पहिल्या दिवशी मला वीस मिनिटं लागली आणि रडू आलं. आता बातम्या बघताबघता चार मिनिटांत होतं. छोटे बाटलीच्या ब्रशसारखे ब्रशही मिळतात, घाईच्या दिवशी तेवढ्यावर भागवते. सहा महिन्यांनी डॉक्टरांकडे दात साफ करून घेते. आमच्याकडे सगळे म्हणतात मशीनने साफ केले की दात हलायला लागतात. तसं नसतं. तो थरच हिरडी खातो, आणि थर निघाला की आधीचं नुकसान उघडं पडतं.

दुसरं, ऊस. माहेरी शेतावर गेले, सगळे दातांनी ऊस सोलत होते, मीही सोलला. कट्ट. तार मधोमध तुटली. ते लगेच कळलं म्हणून बरं. त्याच्या आधी एकदा एका दाताचा चिकटवलेला ठिपका सुटला होता, तार जागेवरच होती. दिसायला सगळं ठीक. तीन महिन्यांनी तो एकच दात पुढे आला तेव्हा उजेड पडला. तेव्हापासून दर रविवारी न्हाण्याच्या वेळी आरशात बघते आणि नखाने प्रत्येक ठिपका हळूच उचलून बघते. पेरू, कणीस, चिक्की तुकडे करून मागच्या दातांनी. उद्या संक्रांत आहे, तिळाच्या कडक वड्यांशी जपून.

गोदाकाठची | १३ जानेवारी, रात्री १०:०२

ऊस वाचून काटा आला. पण नखाची युक्ती मस्त आहे.

मीटिंगमध्ये 'सॅटिस्फॅक्शन' शब्द चार वेळा आला, चारही वेळा मी खोकले. सासूबाईंनी आता मला वाक्य बनवून दिलंय: "सटाण्याच्या सदाशिवने सिन्नरला साडेसात शेर साखर सांडली." भाजी चिरताना मी ते म्हणते, त्या मार्क देतात. कालपेक्षा आज बरं आहे म्हणाल्या.

दोन_पोरांची_आई | १३ जानेवारी, रात्री १०:३०

धुण्याचं कुणी सांगितलंच नाही. आमच्याकडे दोन्ही प्रकार आहेत म्हणून सांगते. काढला की लगेच गार पाण्याखाली धरायचा, थुंकी वाळू द्यायची नाही. वाळली की पांढरा पापुद्रा धरतो आणि वास येतो. मग वेगळा मऊ ब्रश आणि हात धुवायच्या साबणाचा एक थेंब. टूथपेस्ट नाही! मी पहिले चार महिने पेस्टनेच घासत होते, छान चकचकीत होईल म्हणून. पेस्टमध्ये घासणारे बारीक कण असतात, प्लास्टिक काचेसारखं होतं ते दुधी झालं आणि ओरखड्यांत घाण बसायला लागली. पांढरा थर बसलाच तर पांढरं व्हिनेगर आणि तेवढंच पाणी, वीस मिनिटं बुडवून, मग ब्रश. कवळीच्या गोळ्या मिळतात त्याही चालतात, म्हणजे तुमच्या सासूबाईंचं पाकीट दोघींना पुरेल.

तर्रीबाज | १४ जानेवारी, दुपारी २:१५

तिळगूळ घ्या. डॉक्टर, एक शंका. मी सातपूरला कंपनीत आहे, दर आठवड्याला शिफ्ट बदलते. मला आता फक्त रात्री लावायला सांगितलंय. थर्ड शिफ्टच्या आठवड्यात रात्री मशीनवर उभा असतो आणि सकाळी आठला झोपतो. मग रिटेनर कधी?

तारेवरचा | १४ जानेवारी, रात्री ८:५०

झोप म्हणजे रात्र. सूर्य कुठे आहे ते दातांना कळत नाही. आडवे व्हाल तेव्हा लावा, पूर्ण झोपभर.

पेठरोडकर_काका | १५ जानेवारी, सकाळी १०:१०

डॉक्टर, लग्नाचा फोटो काढून बघितला, १९७९ चा. सौ. म्हणाली आज काय एवढं. खालचे चार दात फोटोत रांगेत आहेत. आरशात दोन मागे, दोन पुढे. सेहेचाळीस वर्षांत लक्षात आलं नाही.

माझं आता काही करायचं नाही. पण नातीला तारा लागणार आहेत, तिला सांगेन.

हॉस्टेलवासी | १७ जानेवारी, रात्री १:३५

मी मूळचा इंदिरानगरचा, सध्या पुण्यात शिकतोय. तारा निघून आठ महिने झाले. सेमिस्टरच्या नादात तीन आठवडे रिटेनर लावला नाही. आज घातला तर वरचा खूप घट्ट बसतोय, दात दुखतायत. खालचा एका बाजूला बसतच नाही, वर उचललेला राहतो. दातांनी दाबून बसवू का? घरी सांगितलं तर बाबा मारतील, पैसे त्यांनी हप्त्याने भरलेत.

तारेवरचा | १७ जानेवारी, सकाळी ७:०५

वरचा घट्ट आहे पण बोटांनी दाबल्यावर पूर्ण बसतोय, कडेला फट नाही, असं असेल तर आजपासून परत दिवसरात्र लाव. आठवड्याभरात सैल वाटायला लागेल. दुखणं एक-दोन दिवसांचं.

खालचा चावून बसवू नकोस. त्याने एकतर तो चिरेल, नाहीतर भलत्याच दातावर जोर येईल. तो दात सरकलाय. लवकरात लवकर तुझ्या डॉक्टरांना दाखव. तीन आठवड्यांचं सरकणं बहुतेक वेळा थोडक्यात आवरतं, सहा महिन्यांचं नाही आवरत. घरबसल्या माप पाठवून स्वस्तात रिटेनर करून देणाऱ्यांच्या जाहिराती दिसतील, तिकडे आत्ता जाऊ नकोस. ते आजच्या सरकलेल्या दातांचं माप घेऊन त्याच जागेवर शिक्कामोर्तब करतील.

बाबांना सांग. न सांगण्याचा खर्च जास्त असतो.

गोदाकाठची | २० जानेवारी, सकाळी ८:४०

हसा मला.

आज सकाळी साडेसहा, नाशिकची थंडी, पाण्याला हात लावला तर बोटं बधिर. गिझरचा नळ सोडला, तोंड धुतलं आणि त्याच हाताने, त्याच नळाखाली वरचा रिटेनर धरला. पाच-सहा सेकंद फक्त. हातात असतानाच तो किंचित मऊ झाल्यासारखा वाटला, पापड भाजताना कड आत वळते ना, तशी डावीकडची कड वळली. घातला तर दाढेवर बसेना. दहा दिवस! दहा दिवस झालेत फक्त!

चावून बसवू नये हे हॉस्टेलवासीच्या कृपेने माहीत होतं.

तारेवरचा | २० जानेवारी, सकाळी ९:१५

हसत नाही, दर हिवाळ्यात असे दोन-तीन येतात. (उन्हाळ्यात गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवलेले येतात.) गरम पाण्यात परत घालून सरळ करायला जाऊ नका. आजच फोन करा आणि विचारा, तारा काढल्यानंतरचा प्लास्टरचा साचा किंवा स्कॅनची फाइल ठेवलीय का. असेल तर परत माप द्यावं लागत नाही, त्याच साच्यावर दुसरा ओढून देतात. खरं तर प्रत्येकाने तारा निघाल्या दिवशीच साचा मागून घरी आणावा. काही ठिकाणी जागा नाही म्हणून टाकून देतात.

गोदाकाठची | २२ जानेवारी, रात्री ९:२०

साचा होता! काल संध्याकाळी नवीन रिटेनर मिळाला, अठराशे रुपये. एकच रात्र मधे गेली, तरी घालताना जाणवलं. साचा मागून घेतला. आता माझे पांढरे प्लास्टरचे दात काचेच्या कपाटात गणपतीच्या खालच्या फळीवर आहेत. सासूबाईंचं म्हणणं, पाहुणे आले की ते दात रुमालाने झाक.

आणि तिथं बसले असतानाच खालची आतली तार चिकटवून घेतली. आधी दात एकदम कोरडे केले, काहीतरी निळं लावलं, धुतलं, मग तीन-चार बारीक तारांना पीळ घातलेली ती तार ठेवून सहा ठिपके, प्रत्येकावर निळा दिवा. अर्धा तास. जिभेला सध्या खडबडीत लागतंय. वरती पिळलेला दात आहे म्हणून तिथंही लावायची का विचारलं, तर म्हणाले खालचे दात वरच्या दातांच्या मागे आपटतात, तिथं तार टिकणार नाही, वरती रिटेनरच घाला. खालीसुद्धा तारेवरून रात्रीचा रिटेनर घालायचाच, एखादा ठिपका सुटला तर दात धरून ठेवायला.

हॉस्टेलवासी | २६ जानेवारी, संध्याकाळी ६:००

सुट्टीला घरी आलोय. बाबांना सांगितलं. मारलं नाही, पण जेवताना एक अक्षर बोलले नाहीत, ते जास्त लागलं. डॉक्टरांनी खालच्यासाठी नवीन रिटेनर दिलाय, सरकलेला दात त्यानेच थोडा मागे आणता येईल म्हणाले. वरचा आता बसतोय.

तर्रीबाज | ९ मार्च, सकाळी ११:३०

धागा वर काढतोय, कारण मी पुन्हा तेच केलं.

काल रंगपंचमी. तिवंध्याच्या रहाडीवर, म्हणजे रंगीत पाण्याच्या हौदावर गेलो. दोन तास रांग, मग नंबर लागला आणि मारला धप्पा. पाण्यातून वर आलो, रंग थुंकायला गेलो तेव्हा कळलं की रिटेनर तोंडातच आहे. रात्रभर झोप झाली नव्हती म्हणून सकाळी जरा झोपलो होतो, तिथून काढायचा राहिला. नशीब तोंड मिटून उडी मारली, नाहीतर तो रहाडीच्या तळाशी असता आणि तिथं मिसळीच्या पिंपासारखी सोय नाही. आता तो पिवळाधमक आहे. हसलो की दातांना हळद लावल्यासारखं दिसतं.

तारेवरचा | ९ मार्च, दुपारी १:१०

कवळीच्या गोळीत बुडवून बघा, दोन-तीन दिवस. थोडा उतरेल, पूर्ण नाही. बसतो नीट? मग घाला, रात्री कोण बघतंय. पुढच्या वेळी पोहताना, रहाडीत, गोदेत उडी मारताना आधी तोंडात बोट घालून तपासायचं.

गोदाकाठची | ९ मार्च, रात्री ९:४५

तर्रीबाज, तुम्ही धाग्याची शान आहात.

माझं सांगते. दोन महिने झाले. 'स' परत आला. पाच चहाचे तीन झाले, डोकं दुखलं पहिले चार दिवस. दोरा ओवायला आठ मिनिटं लागतात, निफाडच्या ताईंच्या चारपर्यंत पोचायचंय. मागच्या रविवारी नखाने बघताना डावीकडचा शेवटचा ठिपका किंचित हलला असं वाटलं, जाऊन दाखवलं तर खरंच सुटत आला होता. पाच मिनिटांत परत चिकटवला.

आणि एकदा अदलाबदल झालीच. माझी आणि सासूबाईंची डबी दोन्ही पांढऱ्या, दोन्ही बेसिनवर. अंधारात मी त्यांची उघडली. त्या पलंगावरून म्हणाल्या, "घालून बघ, बसली तर दोघींना एकच पुरेल." दुसऱ्या दिवशी मी लाल डबी आणली.

निफाडची_थंडी | ९ मार्च, रात्री १०:०५

आठ मिनिटं म्हणजे छान प्रगती आहे. आणि ठिपका सापडला ना!

तर्रीबाज | ९ मार्च, रात्री १०:२०

ताई, ती लाल डबी कुठे मिळाली? मला पिंपातूनही दिसेल अशी पाहिजे.

गोदाकाठची | ९ मार्च, रात्री १०:२८

भद्रकालीत, प्लास्टिकच्या भांड्यांच्या दुकानात. प्रवासातली साबणाची डबी आहे ती, खाली भोकं आहेत म्हणून आत ओल राहत नाही. चाळीस रुपये. दोन घ्या, एक गाडीत ठेवा.